एव्हलिनचे सात शिलिंग

आज आम्ही आयर्लंडमधल्या डब्लिन शहराची एक गोष्ट घेतली आहे. जेम्स जॉइस यांची ‘एव्हलिन’. १९०४ साली ती ‘आयरिश होमस्टेड’मध्ये छापून आली. हे साप्ताहिक होतं तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी चळवळीचं, म्हणजे आपल्या बचत गटांच्या लांबच्या नात्यातलंच! १९१४ मध्ये ती ‘डब्लिनर्स’ या पुस्तकात आली.

एव्हलिन १९ वर्षांची. आई वारलेली, एक भाऊही गेला. दुसरा हॅरी, कामानिमित्त सारखा बाहेरगावी. ती दुकानात नोकरी करते. आठवड्याला ७ शिलिंग मिळतात, ते सगळे ती बापाच्या हातात ठेवते. मग शनिवारी रात्री रविवारच्या जेवणासाठी त्याच्याचकडे मागायचे. तो म्हणतो, तू पैसे उधळतेस, तुला अक्कल नाही. बोलून बोलून दमवतो, मग देतो. ही घाईघाईने बाजारात धावते, ओझं घेऊन उशिरा घरी येते. शिवाय दोन लहान मुलं तिच्याच गळ्यात. बापाच्या रागाची धास्ती वेगळीच.

फ्रँक नावाचा खलाशी तिला लग्नासाठी अर्जेंटिनात ब्युनॉस आयर्सला न्यायचं म्हणतो. ती बंदरापर्यंत जाते, पण बोट सुटताना लोखंडी कठडा घट्ट धरून उभी राहते. जात नाही.

पुष्कळ जण म्हणतात, भित्री होती. आम्हाला हे पटत नाही. मरणाऱ्या आईला तिने शब्द दिला होता, जमेल तोवर घर सांभाळीन म्हणून. त्याच घरात आई झिजली आणि शेवटी भ्रमात गेली. हॅरी जमेल तसे पैसे पाठवतो, पण असा शब्द त्याच्याकडून घेतल्याचं गोष्टीत कुठेच नाही. मुलीकडूनच का घ्यावा?

आणि दुसरी वाट तरी तिची होती का? तिकीट फ्रँकने काढलेलं. तो आपल्याला वाचवील, लग्न झालं की लोक मान देतील, असं तिला वाटतं. फ्रँकचा शब्द खरा होता का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. म्हणजे घरात बापाच्या हातात, बोटीवर फ्रँकच्या. पगार मात्र तिचा होता!

याच पुस्तकातल्या ‘क्ले’ या गोष्टीत मारिया आहे. धुलाईगृहात काम करणारी, एकटी, वयस्क. स्वतःच्या बटव्यात स्वतःचे पैसे असल्याचं तिला फार समाधान वाटतं. पण जॉइस तिलाही सुखात ठेवत नाहीत. लग्नावरून तिची थट्टा होतेच, आणि ती हसून घेते.

गटाच्या पुढच्या बैठकीत एव्हलिनची गोष्ट आपल्या शब्दांत सांगा. मग सगळ्यांना विचारा, ते ७ शिलिंग तिच्याच नावावर साठत गेले असते, तर त्या दिवशी बंदरावर काय झालं असतं? आणि हॅरीचं काय करायचं?