जेट इंजिनातली 'वाया' जाणारी उष्णता

मंडळी, गेल्या वेळी आपण कार्नोपाशी थांबलो होतो. १८२४ साली या फ्रेंच इंजिनिअरने दाखवलं, की उष्णतेतून काम मिळवायचं तर तिचा काही भाग थंड बाजूला सोडावाच लागतो. म्हणून जेट इंजिनाबद्दल 'वाया गेलेली उष्णता' हे शब्द जरा जपून वापरू. काही उष्णता हा निसर्गाचा कर आहे, तो चुकत नाही. काही मात्र आपल्या रचनेमुळे जाते. आम्ही तत्त्वज्ञानवाले, आम्हाला हा भेद आधी दिसतो.

इंधन जास्त कामी यायचं तर वायू जितके तापतील तितकं बरं. आधुनिक इंजिनात टर्बाइनच्या तोंडाशी ते १५०० अंश सेल्सिअसच्या वर जातात. तिथली पाती निकेलच्या मिश्रधातूची, आणि तो धातू त्याआधीच वितळतो. मग पातं टिकतं कसं? ते आतून पोकळ असतं. कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा त्यातून फिरते आणि बारीक छिद्रांतून बाहेर येऊन पात्यावर पातळ पांघरूण धरते. गंमत म्हणजे ही 'गार' हवासुद्धा पाच-सहाशे अंशांची! पण ती दाबायला शक्ती लागलेली असते, आणि ज्वलनकक्षाला ती मुकते. म्हणजे तापमान वाढवून जे कमावलं, त्यातलं थोडं थंडाव्यावर खर्च झालं. पात्याचं कमी हवेत भागलं, तर तेवढं इंधन वाचतं.

आता तेल. बेअरिंग आणि गिअरच्या घर्षणाने ते तापतं. काही नव्या इंजिनांत पंख्याला गिअरबॉक्स असतो. त्यातून २० हजार किलोवॉट जातात असं धरा, आणि अर्धाच टक्का घर्षणात गेला असं धरा. १०० किलोवॉट झाले. घरचा गिझर दोन-तीन किलोवॉटचा असतो, करा हिशेब. ही उष्णता बाहेरच्या हवेला द्यायची तर वाऱ्याच्या वाटेत कूलर ठेवावा लागतो, त्याने अडथळा होतो. त्यापेक्षा ती इंधनाला दिली तर इंधन ती घेऊन ज्वलनकक्षात जातं. घरचं घरातच राहिलं. पण इंधन फार तापलं की नळ्यांत काळा थर साचतो. शिवाय विमान उतरताना इंधन थोडंच वाहतं, तेल मात्र तापलेलंच असतं. म्हणून हवेचा कूलरही सोडता येत नाही.

ही देवाणघेवाण केवळ काटकसरीची नाही. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच गवतावर आदळलं. लांबच्या गारठ्यात इंधनातल्या पाण्याचा बर्फ नळ्यांत साचला होता. शेवटी जास्त इंधन मागितलं, तेव्हा तो सुटून नेमका त्या तेल-इंधनाच्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडावर अडकला. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. त्या तोंडाशी नळ्यांची टोकं काही मिलिमीटर पुढे आलेली होती. पुढे ती सपाट केली गेली. एवढ्याशा गोष्टीवर दोन्ही इंजिनांचा जोर गेला होता.

कुणी विचारेल, मागून चार-पाचशे अंशांचे वायू जातात, त्यांचं काय? आपल्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीतून धूर जाताना भोवतालचं पाणी तापवतो, तसं इथे का नाही? जमिनीवरच्या आणि जहाजांवरच्या काही टर्बाइनांत तसं करतात. विमानात वजन आडवं येतं, पण खरी मेख वेगळी आहे. हवा इतकी दाबलेली असते, की ती आधीच त्या वायूंइतकी, कधी त्यांच्याहून जास्त तापलेली असते. मग देणार कोण आणि घेणार कोण? म्हणून हल्ली एमटीयू आणि प्रॅट अँड व्हिटनी हवेऐवजी पाण्याकडे वळलेत. बाहेर जाणाऱ्या वायूंनी पाण्याची वाफ करायची, ती ज्वलनकक्षात सोडायची, आणि वायू थंड करून त्यातलं पाणी पुन्हा पकडायचं. थोडक्यात, बंब आकाशात न्यायचा. त्याचं वजन वाचलेल्या इंधनापेक्षा हलकं ठरतं का, यावर सगळं अडलंय. पुढच्या वेळी वाफेपासूनच सुरुवात करू.