केळीच्या खांबांचा नाताळ

चर्चगेट स्टेशनच्या नावातलं चर्च कुठलं, हा प्रश्न तिथे रोज उतरणाऱ्यांना पडत नाही. पडायचं कारणही नाही, कारण स्टेशनच्या आसपास ते दिसतच नाही. मुंबईला किल्ल्याची तटबंदी होती तेव्हा आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी एक वेस होती. वेशीतून आत शिरलं की रस्ता सरळ चर्चला जायचा, म्हणून ती चर्चगेट. १८६०च्या दशकात तट पाडला, वेस गेली आणि नाव तेवढं पश्चिमेला सरकून रेल्वेच्या पाटीवर जाऊन बसलं. चर्च होतं तिथंच राहिलं: वीर नरिमन रोडवर, हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे. सेंट थॉमस कॅथीड्रल.

एकेकाळी मुंबईतली अंतरं इथून मोजत. काळबादेवीपासून दादरपर्यंत जुन्या रस्त्यांच्या कडेला एकोणिसाव्या शतकातले मैलाचे दगड अधूनमधून सापडतात, काही तर पदपथात निम्मे गाडले गेलेले. त्यांच्यावरचे रोमन आकडे या चर्चपासूनचे मैल सांगतात.

फाटकाशी पहिली गाठ पडते ती कारंज्याची. गॉथिक धाटणीचं, कोरीव, थोडं नटवं कारंजं. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, पैसा सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचा. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृहही याच जोडीचं. अँग्लिकन चर्चच्या दारात पारशी दात्याचं कारंजं, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईत कुणाला विशेष वाटली नसावी. आपल्याला ती विशेष वाटते, हे आपल्या काळाबद्दल काही फार बरं बोलत नाही.

डिसेंबरच्या उत्तरार्धात इथे कॅरलची संध्याकाळ असते तेव्हा याच कारंज्याजवळून लोक आत जातात. बाकांवर नजर टाकली तर ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे सांगता येणार नाही. फोर्टातल्या कचेऱ्यांतून परस्पर आलेली मंडळी, पारशी आजीबाई, नातवंडाचं गाणं ऐकायला आलेलं गुजराती कुटुंब, एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयातून उठून आलेला एखादा मराठी वाचक. प्रार्थना कुठे संपते आणि मैफल कुठे सुरू होते, याची फारशी चिकित्सा कुणी करत नाही. उभं राहायच्या वेळी सगळे शेजाऱ्याकडे बघून उभे राहतात.

आणि हे आजकालचं नव्हे. या चर्चच्या पहिल्याच नाताळात असंच झालं होतं.

चर्चची मूळ कल्पना गव्हर्नर जेराल्ड आँजिए यांची. १६७०च्या दशकात भिंती उभ्या राहू लागल्या, १६७७ मध्ये आँजिए सुरतेला वारले आणि काम थांबलं. सुमारे चाळीस वर्षं त्या अर्धवट भिंती तशाच उभ्या होत्या. जमलेल्या वर्गणीचं काय झालं याच्या उलटसुलट कथा आहेत, त्या इथे नकोत. मग रिचर्ड कॉब नावाचे पाद्री ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मुंबईला आले. मुंबईची वस्ती तेव्हा १६,००० च्या आसपास असल्याचा अंदाज त्यांनीच करून ठेवलाय. १७१५ मध्ये त्यांनी प्रवचनातून लोकांच्या मागे लकडा लावला, पैसा उभा केला आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं.

त्या दिवसाचं वर्णन कॉब यांनी लिहून ठेवलंय आणि मराठी माणसाने ते जरूर वाचावं असं आहे. सजावटीला त्यांनी जे हाताशी होतं ते घेतलं: माडाच्या झावळ्या आणि केळीचे खांब. दगडी खांबांना हिरव्या पाल्याच्या माळा गुंडाळल्या होत्या. होली आणि आयव्हीच्या देशातल्या पाद्र्याने आपला पहिला मोठा नाताळ कोकणातल्या लग्नमांडवासारखा सजवला. तो पाला कुणी तोडला आणि केळी कुणी बांधल्या, हे कॉब सांगत नाहीत. पण ती गाठ मारणारे हात साहेबाचे नसणार, एवढं मी पैजेवर सांगतो. गव्हर्नर चार्ल्स बून हजर होते. एका मुलीचा बाप्तिस्मा झाला, त्यात गव्हर्नरसाहेब धर्मपिता म्हणून उभे राहिले. पुढे मेजवानी आणि तोफांची सलामी.

शिवाय आणखी एक माणूस हजर होता: रामाजी कामती. काही ठिकाणी ‘कामत’ असंही येतं. कंपनीच्या कारभारातला वजनदार शेणवी गृहस्थ. १७१५ मध्ये वाळकेश्वराचं देऊळ नव्याने बांधलं ते यांनीच. तर हे रामाजी आपल्या जातभाईंना घेऊन नाताळ बघायला आले. सभोवती गर्दी करून उभे राहिले आणि उपासनेची ती शिस्त त्यांना इतकी आवडली की शेवटपर्यंत हलले नाहीत, असं कॉब मोठ्या समाधानाने लिहितात. इंग्रजीतली लांबलचक उपासना, बसायला जागा नाही आणि तरी मंडळी उभी. यात कुतूहल किती, दरबारी शिष्टाचार किती आणि खरी आवड किती, ते रामाजींनाच ठाऊक. पण स्वतःच्या पैशाने शिवमंदिर बांधणारा माणूस तीन वर्षांनी चर्चच्या नाताळाला सहकुटुंब नसला तरी जातभाईंसह हजर राहतो, हे चित्र मला तरी फार आवडतं.

पुढचं चित्र तितकं गोड नाही. १७२० मध्ये याच बूनसाहेबांच्या राजवटीत रामाजींवर खटला भरला गेला. आरोप असा, की ते कान्होजी आंग्र्यांना फितूर आहेत. जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि रामाजी कैदेतच वारले. ज्या पत्रांवर खटला उभा होता ती बनावट होती, हे पुढे बाहेर आलं. म्हणजे नाताळाला भोवती उभं राहू देणं वेगळं आणि आपला मानणं वेगळं. या चर्चच्या पुढच्या इतिहासाकडे बघताना मी तो नाताळ आणि हा खटला यांतलं दोन वर्षांचं अंतर ध्यानात ठेवतो.

पुढे बराच काळ इमारत साहेबाचीच राहिली आणि भिंती त्याची साक्ष देतात. १८३७ मध्ये चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला, मग मनोरा आणि घड्याळ आलं, १८६०च्या दशकात वेदीकडचा भाग वाढवला. आत संगमरवरी स्मारकांची इतकी दाटी आहे, की कॅरल ऐकायला बसलेला माणूस नकळत शेजारची शिळा वाचू लागतो. ताप आणि समुद्र यांनी गिळलेले विशी-पंचविशीतले अधिकारी जागोजागी भेटतात. ‘माणसाचं आयुष्य दोन पावसाळे’ अशी मुंबईची ख्याती सतराव्या शतकातल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने नोंदवली होती. इथे ती खरी वाटते. गव्हर्नर जोनाथन डंकन यांचं स्मारक बघण्यासारखं आहे. काशी आणि काठेवाड भागातली बालिकाहत्या थांबवण्यासाठी ते झटले, याचा उल्लेख शिल्पातच आहे. ध्रुवप्रवासी कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर जाऊन परतीच्या वाटेवर गोठून मेलेले लेफ्टनंट बॉवर्स यांचीही स्मृतिशिळा आहे, कारण ते मूळ रॉयल इंडियन मरीनचे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ मध्ये उपासनेला आले तेव्हा बसले त्या जागाही दाखवतात. २००४ मध्ये इमारतीच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

संगीताच्या दृष्टीने मात्र या चर्चच्या इतिहासात एकच साल फिरवणारं आहे: १८६०. चर्चच्या गायकवृंदाला मुलांचे आवाज हवे होते. कोवळ्या, न फुटलेल्या गळ्याचा वरचा स्वर अँग्लिकन संगीताचा प्राण. मुलं गायला हवीत तर ती शिकायलाही हवीत, म्हणून बिशप हार्डिंग आणि कॅथीड्रलच्या पाद्र्यांनी शाळा काढली. तीच आजची कॅथीड्रल अँड जॉन कॉनन स्कूल. शाळा एवढी वाढली की चर्चच तिच्या नावातलं एक विशेषण होऊन बसलं. होमी भाभा तिथले, सलमान रश्दी तिथले. गायकवृंदापुरती काढलेली शाळा शहरभरच्या सगळ्या धर्मांच्या, पण बहुतेक करून एकाच आर्थिक थराच्या मुलांची झाली. आणि आज ती मुलं नाताळात कॅरल म्हणायला या छताखाली उभी राहतात तेव्हा पत्रिकेवरची आडनावं पारशी, गुजराती, सिंधी, मुसलमान, मराठी, कोकणी अशी सगळी असतात. दोन-अडीच शतकांत भोवती उभा राहणारा माणूस वेदीजवळच्या पायऱ्यांवर येऊन गाऊ लागला. या वास्तूत बघण्यासारखं सगळ्यात मोठं जर काही असेल तर ते हे, बाकी संगमरवर.

अँग्लिकन कॅरल उपासनेचा साचा ठरलेला असतो. बायबलमधली नऊ वाचनं आणि त्यांच्या अधेमधे गाणी. हा साचा १८८० मध्ये इंग्लंडात ट्रूरो इथे बसला आणि १९१८ पासून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने तो जगभर पोहोचवला. सेंट थॉमस १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे, पण ती चाल टिकून आहे. साच्याचा फायदा असा की मधल्या जागेत काहीही बसतं. लॅटिन, जर्मन, स्वाहिली, कोकणी, हिंदी.

दगडी भिंती आणि उंच छत यांमुळे आवाज इथे रेंगाळतो. संथ स्वरांना ते मानवतं. एक स्वर विरायच्या आत दुसरा त्यावर चढतो आणि चाळीस गळे चारशेंचे वाटतात. भराभर शब्द आले की मात्र चिखल. म्हणून अशा जागी गाणारे शब्दांच्या शेवटचं व्यंजन जवळजवळ तोडून टाकतात, आणि वृंदसंचालक प्रत्येक ओळीनंतर हात वर रोखून धरतो, मागची गुंज ओसरेपर्यंत. पंखे चालू ठेवले तर स्वरलिपीचे कागद उडतात, बंद केले तर गाणारे घामाघूम. बाहेरून बेस्टच्या बसचा हॉर्न नेमका विरामात येतो.

मुंबईचं नाताळ-संगीत अर्थात या एका चर्चपुरतं नाही. त्याचा कणा गोव्याच्या पॅरिश शाळांतून सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, शिकून आलेल्या वादकांनी उभा केला. रात्री चर्चमध्ये व्हायोलिन, दिवसा हिंदी सिनेमाचा स्टुडिओ. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, म्हणजे संगीतकार प्यारेलालजींचे गुरू, यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर बेतलेली सिंफनी मैफल केली, आणि लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. त्याच्या दोन वर्षं आधी, १९५६ मध्ये, व्हिक्टर परंजोती यांनी आपला गायनवृंद स्थापन केला. त्यांची ‘द्रविडियन डिथिरँब’ ही रचना दाक्षिणात्य स्वरवळणं चार आवाजांत मांडते आणि जगभरचे वृंद ती गातात. १९६७ पासून अर्धशतक तो वृंद कूमी वाडिया या पारशी बाईंनी सांभाळला. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता तक्रार. अशा बहुभाषिक नाताळ-मैफलींच्या पत्रिका मी जमेल तशा बघत असतो. एक कोकणी गाणं, एक हिंदी, आफ्रिकेतलं एखादं टाळ्या वाजवत म्हणायचं, आणि मराठी बहुधा शून्य. मराठीत काही नाही असं मानण्याइतकं हे शहर अनभिज्ञ असेल तर ती मराठी ख्रिस्ती परंपरेवर कमालीची मेहेरबानी झाली! रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत शंभराहून अधिक मराठी भक्तिगीतं लिहिली. ख्रिस्ताचं कीर्तन त्यांनी टाळमृदंगाच्या चालीवर उभं केलं. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं ते पत्नी लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. अहमदनगरच्या मराठी मंडळ्यांत ही पदं अजून पेटी-तबल्यावर गायली जातात. गायला शिकवणारेही तिथे मिळतील.

अडचण आहे ती संगीताची, आणि ती खरी आहे. आपलं पद एकाच सुरावटीवर चालतं. चार आवाजांची चौकट त्यावर चढवली की राग बिचकतो आणि चाल इंग्रजी शाळेत गेल्यासारखी बोलू लागते. यातून वाट काढता येते: स्वर लांबवायचे, खालच्या आवाजांना षड्ज-पंचम धरून ठेवायला लावायचं, वरच्यांना मोकळं सोडायचं. ओवीची संथ चाल त्यासाठी सोयीची आहे, आणि सेंट थॉमसच्या छताला तर ती खासच मानवेल, कारण तंबोऱ्याचं निम्मं काम ते छतच करतं. तबला पुढे ठेवू नये, पखवाज बरा. आणि टाळ दोन जोड्यांवर नेऊ नयेत. तिसरी जोडी आली की मागच्या बाकांपर्यंत नुसता खणखणाट पोहोचेल, शब्द नाही.