संगणक सुरू होताना

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची यादी सिद्ध करण्याचे काम चालू असताना एके सकाळी कार्यालयातील संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एकच पांढरी इंग्रजी ओळ होती. सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने पाच मिनिटांत निर्णय दिला, "सर, फॉरमॅट करावं लागेल." त्या डिस्कवर जुन्या जनरल रजिस्टरांतून उतरवून घेतलेली शेकडो नावे होती आणि त्यांतील काही रजिस्टरांची पाने वाळवीने खाल्लेली होती. साधने जाळून दालन स्वच्छ करण्याचा सल्ला इतिहासाच्या अभ्यासकाला मानवत नाही. मी दोन दिवसांचा अवधी मागून घेतला आणि हे यंत्र मुळात सुरू कसे होते, ते वाचावयास बसलो.

बटण दाबताच संगणक सुरू होतो, असे आपल्याला वाटते. वस्तुतः ती एक साखळी आहे. प्रत्येक कडी पुढच्या कडीला शोधते, तपासते आणि तिच्या हाती कारभार सोपवते. यंत्र कोणत्या कडीपाशी अडले, हे ओळखले की निम्मे निदान झाले.

पहिली कडी विजेची. घरातील वीज एसएमपीएस या पेटीत 12, 5 आणि 3.3 व्होल्टांवर उतरवली जाते आणि दाब स्थिर झाल्याची खूण मिळेपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही. पंखासुद्धा फिरत नसेल, तर बहुधा दोष इथेच असतो.

यापुढे खरा पेच येतो. रॅम ही स्मृती वीज जाताच सर्व काही विसरते. म्हणजे प्रोसेसर जागा होतो तेव्हा ती कोरी असते. डिस्कवरील विंडोज रॅममध्ये आणावयाचे, तर ते आणणारा प्रोग्रॅम आधी हवा. मग त्याला कोणी आणावयाचे? स्वतःच्या बुटाची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलावे, अशी एक अशक्य कल्पना इंग्रजीत आहे. संगणक 'बूट होतो' हा शब्दप्रयोग तिच्यावरूनच आला. या पेचावर तोड म्हणून मदरबोर्डवरील एका लहान चिपमध्ये, वीज गेली तरी न पुसला जाणारा प्रोग्रॅम ठेवलेला असतो आणि प्रोसेसर जागा होताच ठरलेल्या पत्त्यावर जाऊन तोच वाचतो. 1981 च्या आयबीएम पीसीमध्ये त्याचे नाव बायोस होते. आज त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, तरी बोलण्यात बायोस हाच शब्द टिकून आहे.

बायोस प्रथम रॅम व इतर भाग तपासतो. पंखा फिरतो, पडदा मात्र काळा आणि आतून बीप-बीप असा आवाज येतो, तेव्हा पुष्कळदा रॅमची पट्टी ढिली झालेली असते किंवा तिच्यावर धूळ बसलेली असते. बीपच्या संख्येचा अर्थ कंपनीगणिक बदलतो.

मग डिस्कची पाळी. जुन्या पद्धतीत बायोस डिस्कवरील पहिले 512 बाइट वाचतो. देवनागरीतील दोन-तीन ओळींहून अधिक मजकूर त्यात मावणार नाही! त्यांच्या अखेरीस ठरावीक दोन बाइटांची खूण नसेल, तर तो ती डिस्क ग्राह्य धरीत नाही. नव्या पद्धतीत यासाठी डिस्कवर एक लहान स्वतंत्र विभाग असतो.

शेवटची कडी विंडोजची. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख संगणक याच कडीवर कोसळले. अनेक विमानतळ आणि रुग्णालये अडली. पुष्कळ ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापुढे बसून ते सेफ मोडमध्ये सुरू करावे लागले व ती फाइल हाताने काढावी लागली.

आता आमच्या संगणकाकडे पाहा. पंखा फिरत होता, बीप नव्हते, आणि ती पांढरी ओळ तर बायोसनेच लिहिली होती. म्हणजे पहिल्या कड्या शाबूत होत्या. एक तर डिस्क मेली होती, किंवा बायोस तिला चुकीच्या रीतीने शोधत होता. बायोसच्या सेटिंगमध्ये शिरलो, तेव्हा डिस्कचे नाव तेथे दिसले. तारीख मात्र कित्येक वर्षांपूर्वीच्या जानेवारीची होती. मदरबोर्डवर नाण्याएवढा 3 व्होल्टांचा सेल असतो. वीज नसताना घड्याळ व सेटिंग तोच सांभाळतो. तो संपला होता. सेटिंग कारखान्यातल्यासारखे झाले आणि जुन्या पद्धतीने बसवलेले विंडोज बायोस नव्या पद्धतीने शोधू लागला.

सेल बदलला, तारीख लावली, सेटिंग पूर्ववत केले. विंडोज उघडले. (तारीख चुकीची राहिली असती, तर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची संकेतस्थळेही उघडली नसती, सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संगणक स्वतःच्या घड्याळावरून ताडून पाहतो.) डिस्कमधून टकटक असा आवाज येत असता, तर मात्र मी ती पुनःपुन्हा सुरू न करता जाणकाराकडेच सोपवली असती.

त्याच दुपारी यादीच्या दोन प्रती वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घेतल्या; एक मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. या अंकाच्या अखेरीस छापलेली नावे त्याच डिस्कवरची आहेत. त्यांत चूक आढळल्यास ती संगणकाची नव्हे, जुने हस्ताक्षर वाचताना माझ्या नजरेची समजावी आणि कार्यालयास अवश्य कळवावी.