खुर्च्या मांडता मांडता

आमच्या मंडळात मी शिरलो तो चित्रांच्या ओढीने नाही, खुर्च्यांच्या बिलामुळे. १९९६ सालची गोष्ट. मी साताऱ्यात एसटीच्या विभागीय कार्यालयात हिशोबाच्या टेबलावर होतो. शेजारचे ड्रॉइंग मास्तर एका संध्याकाळी पिशवीभर पावत्या घेऊन आले. म्हणाले, "डेकोरेटर म्हणतो चार कार्यक्रमांचं भाडं थकलंय, आमच्या वहीत तीनच आहेत. तुम्ही जरा बघा." मी बघितलं. डेकोरेटर बरोबर होता. पुढच्या सभेत मास्तरांनी मला खजिनदार करून टाकलं आणि दोन वर्षांनी कार्यवाह. चित्रकलेतलं माझं ज्ञान म्हणाल तर देवघरातली लक्ष्मी आणि पतपेढीचं कॅलेंडर.

कला रसग्रहण मंडळ म्हणजे काय, असं लोक अजून विचारतात. आम्ही चित्रं काढायला शिकवत नाही, स्पर्धा घेत नाही, पुरस्कार देत नाही. वर्षातून आठ संध्याकाळी माणसं एकत्र येतात, जाणकार माणूस चित्रं, शिल्पं, इमारती दाखवतो, त्यात काय बघायचं ते सांगतो, आणि एका रविवारी सगळे मिळून प्रत्यक्ष काहीतरी बघायला जातात. बस्स. वर्गणी वर्षाला सहाशे रुपये, सभासद सव्वाशेच्या आसपास.

व्याख्यान ऐकायला जमणं आपल्याकडे नवीन नाही. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली, आणि पुढे महाराष्ट्रात गावोगावी अशा माला निघाल्या. आमचं मंडळही त्याच घाटाचं होतं. शिवचरित्राला जशी गर्दी होते तशी अजिंठ्याला व्हावी, अशी आमची अपेक्षा. पण एक गोष्ट लक्षात यायला आम्हाला फार वर्षं लागली. शिवचरित्र ऐकायला कान पुरतात. अजिंठ्याला डोळे लागतात, आणि आम्ही डोळ्यांची काही सोयच केली नव्हती.

तेव्हा स्लाइडचा जमाना होता. स्लाइड प्रोजेक्टरमध्ये उलटी, डोकं खाली करून घालावी लागते, तेव्हा पडद्यावर सरळ दिसते. ऐंशी स्लाइड असल्या की एखादा बुद्ध हमखास शीर्षासनात यायचा. मे महिन्यात साडेसहाला कार्यक्रम ठेवला तर खिडक्यांतून ऊन आत, पडद्यावर नुसता पिवळा डाग. वक्ते म्हणायचे, "इथे बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावरची करुणा बघा," आणि लोक करुणेच्या जागी एकमेकांची डोकी बघायचे. शेवटी मी एसटीच्या डेपोतून जुन्या ताडपत्र्या मागून आणल्या आणि खिडक्यांना लावल्या. मंडळासाठी मी केलेलं पहिलं कलाकार्य ते.

दुसरं काम घड्याळाचं. एका कार्यक्रमाची मी नोंद ठेवली, सवयीने. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचा परिचय, पुन्हा शाल-श्रीफळ, हॉल देणाऱ्यांचा सत्कार. वक्ते उभे राहिले तेव्हा अडतीस मिनिटं झाली होती. मग ते स्वतः दोन तास दहा मिनिटं बोलले, कारण त्यांना वाटलं हीच इथली रीत. आभाराला मी आणि डेकोरेटरचा पोरगा, दोघेच उरलो.

एसटीत एक साधं सत्य शिकलो होतो. वेळेवर सुटलेली गाडी अर्धी रिकामी असली तरी लोक तिच्यावर भरवसा ठेवतात. उशिरा सुटलेल्या भरल्या गाडीला शिव्याच बसतात. कार्यकारिणीत मी ठराव मांडला: कार्यक्रम सातला म्हणजे सातला, परिचय दोन मिनिटांत, अध्यक्ष नाही, सत्कार नाही, वक्त्याला पंचावन्न मिनिटं, मग चहा आणि प्रश्न. मोठं भांडण झालं. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "शाल दिली नाही तर माणूस आपल्याकडे येईल कशाला?" मानधन वेळेवर दिलं आणि परतीच्या गाडीत स्वतः नेऊन बसवलं तर येतो, हे आता अनुभवाने सांगतो. शालीचे पैसे आम्ही चांगल्या प्रोजेक्टरसाठी साठवले.

तरी खरा बदल घडला तो मास्तरांमुळे. ठरलेले वक्ते ऐनवेळी आजारी पडले. मास्तर म्हणाले, "मी बोलतो. पण माझ्याकडे एकच चित्र आहे." आम्ही हसलो. एका चित्रावर तासभर?

पडद्यावर चित्र आलं. जांभळ्या साडीतली एक तरुण बाई, एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड. मास्तरांनी विचारलं, "कुणाचं?" अर्ध्या सभागृहातून आवाज आला, "रविवर्मा!" मास्तर म्हणाले, "रविवर्मा १९०६ साली गेले. हे चित्र १९४०च्या दशकातलं आहे." मग त्यांनी सांगितलं. चित्र सावळाराम हळदणकरांचं. माणूस मूळचा सावंतवाडीचा, मुंबईत नावाजलेला. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, 'ग्लो ऑफ होप' म्हणून ओळखलं जातं, आणि तिथे जाऊन आलेले कितीतरी मराठी पर्यटक परतताना ते रविवर्म्याच्या नावावर जमा करतात. दिवा घेऊन उभी राहिलेली ती मुलगी म्हणजे हळदणकरांची स्वतःची लेक, गीता. या गीताताई उपळेकर पुढे कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ साली एकशे दोन वर्षांच्या होऊन गेल्या. मास्तरांचं व्याख्यान झालं तेव्हा त्या हयात होत्या, आमच्यापासून एसटीने तीन तासांवर. चित्रातली बाई जिवंत असू शकते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मग मास्तर गप्प बसले. म्हणाले, "तीन मिनिटं नुसतं बघा. उजेड कुठून येतोय ते मला सांगा." सभागृहात तीन मिनिटं शांतता म्हणजे कार्यवाहाच्या पोटात गोळा. पण कुणी उठलं नाही. मागच्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "अहो, ज्योत कुठाय? ज्योत काढलेलीच नाहीये." खरंच. बोटांच्या कडा लालसर झाल्यात, चेहरा उजळलाय, मागे सावली पडलीये, पण ज्योत हाताच्या आड. आपण जिला बघतोय असं वाटत होतं, ती चित्रात दिसतच नाही.

मास्तरांनी पुढे सांगितलं की हे तैलचित्र नाही, जलरंग आहे. जलरंगात उजेड वरून फासता येत नाही; जिथे उजेड हवा तिथला कागद आधीपासून राखावा लागतो, पातळ रंग भोवतीने चढवत न्यावे लागतात. हात चुकला तर परत फिरता येत नाही. आयुष्यभर मी जमा-खर्चाच्या वह्या लिहिल्या, त्यामुळे हे मला चटकन कळलं. उजेड ही शिल्लक आहे. खर्च करताना हात आवरला तरच ती शेवटी दिसते.

त्या दिवशी मी खुर्च्या उचलायच्या विसरलो. दुसऱ्या दिवशी डेकोरेटरने एका दिवसाचं जादा भाडं लावलं, ते मी स्वतः भरलं.

तेव्हापासून आठांतले तीन कार्यक्रम आम्ही 'एक चित्र, एक तास' असे करतो. वक्ता ठरवण्याची रीतही बदलली. पूर्वी आम्ही नाव बघायचो. आता फोनवर एकच विचारतो, "तुमचं व्याख्यान ऐकून आमच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी काय बघायला निघायचं?" काही मोठी माणसं यावर चिडली. पण ज्यांच्याकडे उत्तर होतं ते सगळे चांगले बोलले.

त्यातली एक संध्याकाळ सांगतो. विषय होता देवादिकांची छापील चित्रं. आम्ही पत्रिकेत लिहिलं, 'घरातली जुनी तसबीर घेऊन या.' वाटलं पाच-सहा येतील. त्रेचाळीस आल्या. धूळ, उदबत्तीची काजळी, काचेमागे वाळवीची वाट, सगळ्यासकट. कुणी रिक्षातून आणली, कुणी चादरीत गुंडाळून. वक्त्या पुण्याहून आलेल्या एक तरुण अभ्यासक. त्यांनी प्रोजेक्टर बंदच करायला लावला आणि पिशवीतून भिंग काढलं.

त्यांनी सांगितलं ते असं. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याआधी १८७८ पासून पुण्यात चित्रशाळा छापखाना होताच. शिळाछापात सपाट घासलेल्या दगडावर चित्र उतरवतात, आणि रंग जितके तितके दगड. एका लक्ष्मीसाठी लालाचा दगड वेगळा, पिवळ्याचा वेगळा, त्वचेच्या रंगाचे आणखी वेगळे. कागद प्रत्येक दगडावर नेमका त्याच जागी बसायला हवा. जरा सरकला की देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर येतो. रंगांच्या छटा कारागीर हाताने ठिपके देऊन आणत. म्हणून भिंगातून बघितलं तर ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे दिसतात. नंतरच्या ऑफसेट छपाईत ठिपके जाळीसारखे, ओळीत. आणि खालच्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं, पण फ्रेमवाल्याने बहुधा तीच पट्टी कापलेली असते.

मग एकेक तसबीर भिंगाखाली. एका सरस्वतीला खऱ्या कापडाची, टिकल्या लावलेली साडी चिकटवलेली होती. तसं करण्याची तेव्हा पद्धतच होती, हे कळल्यावर त्या घरातल्या आजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझी लक्ष्मीही रांगेत होती. आमच्या घरात ती 'अस्सल रविवर्मा' म्हणून तीन पिढ्या पूजली गेली. भिंगाखाली ठिपके जाळीसारखे, सरळ ओळीत. कॅलेंडरच निघालं. मी वक्त्यांना म्हटलं, "म्हणजे खोटी?" त्या म्हणाल्या, "काका, खोटी कशी? छापील ती पण, ही पण. फक्त तिच्यासाठी हात जास्त राबले." घरी येऊन लक्ष्मी पुन्हा जागेवर ठेवली. आता आरतीच्या वेळी ठिपके आठवतात, एवढंच.

आमची सहल बहुतेक वेळा औंधला असते. रहिमतपूरवरून एसटी आहे. यमाईचं गाव, एका लहानशा संस्थानची राजधानी. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध, पण ते स्वतः चित्रकार होते. आपला संग्रह त्यांनी १९३८ साली श्री भवानी संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडला. रविवर्म्याची अस्सल तैलचित्रं, धुरंधरांची चित्रं, आणि एका दालनात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड'. जगातली मोठमोठी संग्रहालयं ज्याच्या शिल्पांसाठी धडपडतात, त्याचा दगड माणदेशाच्या वेशीवर. पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्यातले निम्मे लोक त्याच्यासमोरून चालत पुढे गेले, मीही. आता आम्ही नियम केलाय: दोन तासांत फक्त पाच वस्तू बघायच्या, प्रत्येकीसमोर दहा मिनिटं. बाकीचं पुढच्या वर्षी.

सगळं जमलं असं समजू नका. तरुण येत नाहीत ही जुनी तक्रार. एका वर्षी एका महाविद्यालयाशी बोलून ऐंशी मुलं आणली. हजेरी लागली, चहा झाला, पाखरं उडाली. नंतर आम्ही बोलावणं सोडलं आणि काम द्यायला लागलो. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेली एक मुलगी प्रोजेक्टर सांभाळायला यायची. जांभळी साडी पडद्यावर निळी दिसतेय हे आमच्या आधी तिला दिसायचं. ती आता पुण्यात शिकते. तिच्या जागी कुणी मिळालेलं नाही, म्हणून तूर्त तेही मीच बघतो.

कुणाला आपल्या गावात असं मंडळ काढायचं असेल तर हिशोबनीस म्हणून दोन गोष्टी सांगतो. नोंदणीला किमान सात माणसं लागतात. १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींचं काम धर्मादाय कार्यालयात होतं. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्या. माझ्या पाहण्यातली मंडळं भांडणाने कमी आणि या कागदाच्या आळसाने जास्त बुडाली. जुने खजिनदार जातात, बँकेत सही चालत नाही, पैसे अडकतात, माणसं कंटाळतात. दुसरं, तारखा जूनमध्येच ठरवा, आणि गणपती, नवरात्र, दहावी-बारावीच्या परीक्षा नि लग्नाच्या दाट तिथी टाळून उरतील त्याच घ्या. उरतात बऱ्याच.

पण नोंदणीची घाई करू नका. आधी एक वर्ष कुणाच्या तरी हॉलमध्ये, सातच माणसांनी जमा. पहिल्या दिवशी वक्ता नको, प्रोजेक्टर नको. प्रत्येकाला घरातली एक तसबीर आणायला सांगा आणि भिंग तेवढं तुम्ही आणा. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. पावती घ्यायला विसरू नका.