पटाचा धुरकरी

कापसाचे पहिले वेचे घरात येऊन पडले, गव्हा-हरभऱ्याला पाणी देऊन झाले आणि पौषाची थंडी अंगात भिनू लागली, की अमरावती-अकोल्याकडच्या गावांतून शंकरपटाची बोलणी सुरू होतात. कोणाची जोडी यंदा कशी ‘पयते’, कोणी कोणाचा गोऱ्हा किती रुपयांना उचलला, कोणत्या गावचे बक्षीस भारी आहे, याची चर्चा पारावर, चहाच्या टपरीवर आणि बाजार समितीच्या आवारात सारख्याच आस्थेने चालते. पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीचे हे वऱ्हाडी भावंड. मात्र पुणे जिल्ह्यातील घाटांत चार बैलांच्या पुढे घोडी धावते, तर इकडच्या पटात दोन बैल, एक हलकी छकडी आणि तीवर बसलेला एक धुरकरी एवढाच सरंजाम असतो. या धुरकऱ्याविषयी लिहावेसे वाटते ते अशासाठी, की क्रीडेच्या जगात हौशी खेळाडू म्हणून ज्या वर्गाचा मोठ्या आदराने उल्लेख होतो, त्या वर्गाचा इतका अस्सल प्रतिनिधी आपल्या मुलखात वावरत असताना त्याच्या नावाची नोंद पटाच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राखेरीज अन्यत्र क्वचितच होते.

त्याची कारकीर्द कोणत्याही दप्तरात मांडलेली नसली तरी तिचा क्रम गावातले कोणीही सांगू शकेल. प्रथम तो घरच्या गोठ्यात शेण काढणारा पोर असतो. पुढे सुटण्याच्या रेघेवर, उधळू पाहणाऱ्या बैलाची वेसण दोन्ही हातांनी आवळून धरण्याचे काम त्याच्याकडे येते, आणि त्यात बोटे सोलून निघाली तरी तक्रार न करणारा तो पोर एखाद्या वर्षी, अंगाने हलका म्हणून, छकडीवर चढविला जातो. लग्न होते, शेतीचा भार अंगावर पडतो, शरीरही सुटते, तेव्हा कासरा पुतण्याच्या हाती देऊन तो जोडीचा मालक होतो. आणि केस पिकल्यावर, जोडी बाळगण्याची ऐपत राहो वा न राहो, पंचांच्या मंडपात त्याच्यासाठी खुर्ची ठेवलेली असते. पोऱ्या, धुरकरी, मालक, पंच अशा चार अवस्था एकाच माणसाने भोगलेल्या असतात, आणि त्यांपैकी एकीनेही त्याचे पोट भरलेले नसते. पोट भरते ते कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर. पट त्या उत्पन्नातून खातो.

आणि तो भरपूर खातो. सामान्य बैलाला कुटार आणि कडबा पुरतो. पटाच्या बैलाला सरकीची ढेप, धान्याचा भरडा, आणि धन्याचा जीव अधिकच गुंतलेला असेल तर दूध-तूपही लागते. नागपूर-वर्ध्याकडील गवळाऊ जातीचे बैल अंगाने हलके आणि चालीला चपळ म्हणून जुन्या काळापासून नावाजलेले आहेत, आणि दक्षिणेकडील खिल्लार जातीलाही पटाच्या शौकिनांत मोठा मान आहे. नाव झालेल्या बैलाची किंमत लाखांच्या घरात जाते. बक्षिसाची रक्कम कानाला कितीही मोठी वाटली तरी वर्षभराच्या चाऱ्याचा, वाहतुकीचा आणि सोबतच्या मंडळींच्या जेवणखाणाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला, तर शिल्लक बहुधा उणेच निघते. म्हणूनच हा हिशेब घरात सहसा मांडला जात नाही.

हौशी माणसाची शर्यत धंदेवाईकापेक्षा पुष्कळदा अधिक काळ टिकते, या म्हणण्याला सातासमुद्रापलीकडचा एक नामांकित दाखला आहे. पॉल न्यूमन हा अमेरिकेचा विख्यात चित्रपट-अभिनेता. 1969 साली प्रदर्शित झालेल्या एका चित्रपटात त्याला मोटार-शर्यतवाल्याची भूमिका करावयाची होती, त्या निमित्ताने तो वेगाने मोटार हाकण्यास शिकला, आणि ती विद्या त्याला अशी काही चिकटली, की 1972 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी, थॉम्पसन येथील मैदानावर तो स्पोर्ट्स मोटारींच्या शर्यतीत उतरला. अर्जावर तो आपले नाव पी. एल. न्यूमन एवढेच लिहीत असे. हौशी मंडळींसाठी 1944 साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या स्पोर्ट्स कार क्लबची राष्ट्रीय अजिंक्यपदे त्याने चारदा मिळविली. 1979 साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत, दोन सहकाऱ्यांसह पोर्शे मोटार हाकून, तो एकूण दुसरा आला. 1983 पासून कार्ल हास यांच्यासह त्याने स्वतःचा संघ चालविला. आणि 1995 साली, त्याने सत्तर वर्षे पूर्ण केल्यावर, डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तो स्वतः चालक असलेल्या संघाने आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळविला. चालक, मग मालक, आणि तरीही पुन्हा चालक, असा हा प्रवास आमच्या तळेगावच्या पटातल्या जाणत्याला मुळीच अपरिचित वाटणार नाही. फरक आहे तो पैशाचा, आणि त्याहून मोठा फरक असा, की न्यूमनच्या वाहनाला वेदना होत नव्हती.

तळेगाव म्हणजे अमरावती जिल्ह्यातील, धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासर. तेथील पटाची ख्याती साऱ्या विदर्भात आहे, आणि तेथे महिला धुरकऱ्यांचाही पट भरतो, ही गोष्ट वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावी. पटाची पट्टी मऊ, भुसभुशीत, खडे वेचून काढलेली; दोन्ही अंगांना माणसांची दाटी. कोठे एकेक जोडी केवळ घड्याळाशी धावते, कोठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडल्या जातात. बैल रेघेवर येतात तेव्हा ते स्थिर असे नसतातच. चार-पाच गडी त्यांना अडवून धरतात, जू डोलत असते, धुरकरी छकडीवर गुडघे मुडपून, शेपटांच्या अगदी जवळ, पुढे वाकलेला असतो. झेंडी पडते, गडी बाजूला उड्या घेतात, आणि त्यापुढे धुळीच्या लोटात काय घडले हे प्रेक्षकाला उमगेपर्यंत भोंग्यावरून वेळ पुकारली जाते, तीही सेकंदाच्या अपूर्णांकांसह. कारण पहिल्या आणि पाचव्या जोडीतले अंतर तेवढेच असते. वर्षभराचा खुराक आणि मेहनत इतक्या अल्पावधीत संपते, याचे नवख्याला हसू येते. पण हसणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पुढच्या जोडीसाठी तेथेच उभे राहतात.

या हौसेवर राजदरबारी आक्षेप आला, आणि तो निराधार होता असे मी म्हणणार नाही. तुतारीची, म्हणजे बैल हाकण्याच्या काठीची, अणकुची टोचणे, शेपूट पिरगाळणे, क्वचित त्याहून वाईट प्रकार हे पटात घडत होते, आणि ते पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्यांत भली माणसेही होती. केंद्र सरकारने 2011 साली, खेळ-तमाशासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबरच बैलांच्या शर्यतींनाही मनाई केली. 2017 साली महाराष्ट्र विधिमंडळाने 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या हुकुमामुळे ती अंमलात येऊ शकली नाही. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करावा लागतो, पशुवैद्यकाचा दाखला जोडावा लागतो, आणि चाबूक, काठी वा टोचणी धुरकऱ्याच्या हाती दिसता कामा नये. माझ्या मते या अटींनी पटाचे नुकसान न होता उलट भलेच झाले आहे. ज्या धुरकऱ्याला तुतारीवाचून बैल धाववता येत नाही, त्याला धुरकरी म्हणावे तरी का?

बंदीच्या त्या वर्षांत हौशी माणसाची खरी कसोटी लागली. धंदेवाईक असता तर त्याने दुसरा धंदा पाहिला असता. पण कित्येकांनी धावण्याची मुळीच आशा नसताना जोड्या पोसल्या. 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीलाही बंदी असल्याने उतरत्या वयाचा बैल विकून मोकळे होण्याची वाटही अरुंद झाली, आणि पुष्कळ गोठ्यांत पट न पळालेले बैल बसूनच म्हातारे झाले. त्यांच्या चाऱ्याची भरपाई कोणी मागितली नाही, कारण मागायची कोणाकडे?

पट पुन्हा सुरू झाला, पण मध्यंतरी शेतातला बैलच विरळ झाला आहे. नांगरणी ट्रॅक्टरने होते, कापूस जिनिंगवर टेम्पोने जातो, आणि पोळ्याला मिरविण्यापुरती तरी जोडी असावी म्हणून हळहळणारी घरे गावोगाव आढळतात. ज्या घरी पटाची जोडी आहे तेथेही मशागतीला बहुधा भाड्याचा ट्रॅक्टरच येतो. लाख-दीड लाखाचा बैल औताला जुंपून त्याचा खांदा सुजवून घेणे धन्याला परवडणारे नसते, आणि ट्रॅक्टरचे भाडे कोठून द्यायचे यावर घरातल्या बाईचे आणि त्याचे दर वर्षी पेरणीच्या तोंडावर वाजते ते वेगळेच.