बेपत्ता सैनिक आणि कचरापेटीचे वजन

इंग्लंडच्या पूर्व भागात, सफोक परगण्यात, बरी सेंट एडमंड्स नावाचे एक जुने शहर आहे. 24 सप्टेंबर 2016 रोजी, शनिवारी पहाटे, या शहरातून एक 23 वर्षांचा तरुण नाहीसा झाला. जवळच्या हॉनिंग्टन येथील हवाई दलाच्या तळावर तो सैनिक होता. शुक्रवारची रात्र मित्रांसमवेत मद्यपानात घालवल्यावर तो एका दुकानाच्या दारातच काही वेळ झोपला. मग उठून, दुकानांच्या मागे कचरापेट्या ठेवण्याची जी घोड्याच्या नालाच्या आकाराची जागा आहे, तीत शिरला. तेव्हा पहाटेचे 3 वाजून 25 मिनिटे झाली होती. टेहळणीच्या कॅमेऱ्यात तो आत जाताना दिसतो; बाहेर पडताना मात्र दिसत नाही.

मग तो गेला कोठे? या प्रश्नाला अनेक उत्तरे मिळाली. कॅमेऱ्यांची नजर चुकवून तो पायीच निघून गेला असावा, असे कोणी म्हणाले. कोणी घातपाताचा संशय घेतला. नोकरीला कंटाळून तो स्वखुशीनेच परागंदा झाला असावा, असेही काहींना वाटले. मातापित्यांना अशा प्रत्येक तर्काबरोबर नव्याने आशा धरावी लागते आणि ती सोडावीही लागते. अनोळखी माणसाला तर्क लढवण्यास काहीच मोल पडत नाही.

एक धागा मात्र प्रारंभापासून हाती होता. तरुणाचा भ्रमणध्वनी त्याच पहाटे शहरातून निघून सुमारे 19 किलोमीटरांवरील बार्टन मिल्स या गावाच्या दिशेने गेल्याचे दूरध्वनी यंत्रणेच्या नोंदींवरून दिसत होते. आणि 4 वाजून 20 मिनिटांच्या सुमारास त्या जागेतील एक मोठी पेटी रिकामी करून जी कचऱ्याची मोटार निघाली, तिचा मार्ग व वेळ या नोंदींशी जुळत होती. तेव्हा तो पेटीत झोपला असावा, ही शंका पोलिसांना आली नाही असे नव्हे. पूर्वीही अशा रात्री तो कचऱ्यात झोपल्याचे सांगणारे लोक होते. परंतु या मोटारी पेटी उचलताना तिचे वजन नोंदवितात, आणि त्या पहाटेचे वजन पोलिसांना सांगण्यात आले ते अवघे 11 किलो! एवढ्या वजनात मनुष्य बसणे अशक्य. मग फोन तेवढा मोटारीतून गेला आणि मनुष्य अन्यत्र, असेच मानणे भाग पडले. घातपाताच्या तर्काला बळ मिळाले ते येथूनच.

मार्च 2017 मध्ये नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा खरे वजन 100 किलोंहून अधिक, म्हणजे 116 किलो असल्याचे उघड झाले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. माहितीचा अर्थ लावण्यात चूक झाली होती. तोवर पाच महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. केंब्रिजजवळील मिल्टन येथील कचऱ्याच्या भरावात शोध सुरू झाला. पोलीस कर्मचाऱ्यांनी 20 आठवडे सुमारे 6,500 टन कचरा हातांनी उपसला. त्याच वर्षी पुढे आणखी एक शोध झाला. तरुणाचा मागमूसही लागला नाही.

येथे एक प्रामाणिक शंका उरतेच. देह सापडला नाही, तर तो तेथे नव्हताच असे का म्हणू नये? परंतु दाबून, तुडवून, मिसळून टाकलेल्या एवढ्या भरावात न सापडणे हा काही नसण्याचा पुरावा ठरत नाही. उलट वजन, फोनचा प्रवास, मोटारीची वेळ व तरुणाची सवय या चार स्वतंत्र गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. अन्य तर्कांपाशी अशी एकही गोष्ट नव्हती.

देहावाचून मृत्यूची चौकशी कशी व्हावी, हाही प्रश्न होता. इंग्लंडमध्ये अशा मृत्यूंची चौकशी कॉरोनर करतो. (मुंबईतही हे पद होते, ते 1999 साली रद्द झाले.) देह नष्ट झाला वा मिळण्याजोगा नसला, तर मुख्य कॉरोनरच्या आदेशाने तेथे चौकशी होऊ शकते. ती मार्च 2022 मध्ये इप्सविच येथे पंचांसमोर झाली. 24 सप्टेंबर 2016 रोजी पहाटे 4.20 च्या सुमारास, कचऱ्याच्या मोटारीत दाबले जाऊन श्वास कोंडल्याने व अनेक जखमांमुळे मृत्यू आला, असा निर्णय पंचांनी दिला. मद्यामुळे विवेक मंदावला होता, हे त्यांनी नोंदविले. त्याबरोबरच पेट्यांची कुलुपे कुचकामी होती, रिकामी करण्यापूर्वी पेटी नीट पाहिली गेली नाही आणि मोटारीच्या खिडकीतून आतले स्पष्ट दिसत नव्हते, हेही त्यांनी नमूद केले.