रंग कुठे नको, ते आधी ठरवा

वाळूजच्या एखाद्या पावडर कोटिंग युनिटमध्ये शिरलं की नजर आधी बूथकडे जाते. बंदुकीतून उडणारी पावडर, कन्व्हेयरला लटकलेले पार्ट, पुढे भट्टीची धग. पण माल पास होणार की रिजेक्ट, हे त्याच्या बरंच अलीकडे, मास्किंगच्या टेबलावर ठरलेलं असतं. भोकात प्लग, आट्यांवर कॅप, बेअरिंगच्या जागेवर टेप, अर्थिंगच्या ठिपक्यावर गोल स्टिकर. रंग जिथे नको ती प्रत्येक जागा इथे झाकली जाते.

१९८५ साली बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, २००१ पासून शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांच्या आगेमागे सुट्या भागांचे कारखाने आले आणि त्यांना रंगकाम, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट करून देणारी छोटी युनिटंही वाढली. त्यामुळे हा विषय आपल्या छत्रपती संभाजीनगर शहराच्या पोटापाण्याचा आहे.

थर ७० मायक्रॉन, फटका चौपट

पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन असतो. एवढ्याशा थराने काय बिघडतं? आट्यांना विचारा. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. या भूमितीमुळे थर जेवढा जाड, त्याच्या चौपट फरक आट्यांच्या पिच व्यासात पडतो. म्हणजे ७० मायक्रॉनच्या थराने ०.२८ मिलिमीटर. एम ८ च्या नेहमीच्या नटाला या व्यासात मिळणारी सगळी सूट ०.१६ मिलिमीटर! बोल्ट सुरुवातीलाच अडकतो. मग कोणीतरी टॅप घेऊन बसतो आणि एकेक भोक साफ करतो. काही रुपयांचा प्लग वाचवायचा आणि माणसाचा दिवस घालवायचा, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

टेपचा जन्म गॅरेजमध्ये

१९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची फॅशन आली. पहिल्या रंगावर वर्तमानपत्र चिकटवून दुसरा मारायचा. कागद काढताना पहिला रंगही सोलून यायचा. रिचर्ड ड्र्यू हा थ्रीएम कंपनीचा तरुण सहायक सॅंडपेपरचे नमुने घेऊन गॅरेजमध्ये जायचा. कारागिरांचा वैताग त्याने पाहिला आणि पुरेशी घट्ट, तरी अलगद निघणारी टेप करायची ठरवली. वरिष्ठांनी थांबायला सांगितलं, तरी तो थांबला नाही. शेवटी क्रेप कागदाने काम केलं, कारण तो ताणतो आणि वळणावर बसतो. १९२५ साली मास्किंग टेप तयार झाली.

भट्टीचा आकडा आधी विचारा

हवेवर वाळणाऱ्या रंगाला क्रेप टेप छान. पावडर मात्र बहुतेक वेळा १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजली जाते. तिथे साध्या क्रेपचा कागद करपतो, गोंद धातूवर राहतो आणि तो सॉल्व्हंटने पुसत बसावं लागतं. म्हणून हिरवी पॉलिस्टर टेप: सिलिकॉन गोंदाची, साधारण २०० अंशांपर्यंत टिकणारी. त्याहून जास्त ताप असेल तर सोनेरी पॉलिइमाइड, जी बाजारात कॅप्टॉन टेप म्हणून मिळते. ती २६० अंशांपर्यंत चालते. याच पॉलिइमाइडच्या पातळ फिल्मचं आवरण १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो ११ च्या यानावर होतं. आणि एक गोष्ट विसरू नये: लाइन थांबली की पार्ट भट्टीत अडकून राहतात. म्हणून टेप निवडताना काठावरचा आकडा धरू नये, हात राखून घ्यावा.

प्लग उडतो, कारण आत हवा आहे

आरपार नसलेल्या भोकात सिलिकॉनचा प्लग घट्ट बसवला. भट्टीत गेल्यावर तो बाहेर येऊन पडला! दोष कामगाराच्या हाताचा नसतो. ३० अंशांची हवा २०० अंशांना गेली की तिला दीडपटीहून जास्त जागा लागते, आणि ती प्लगला ढकलते. उपाय म्हणजे हवेला बारीक वाट ठेवलेला प्लग, किंवा आट्यात फिरवून बसवायचा प्लग. आरपार भोकाला शेपटीवाला प्लग उत्तम: शेपटी पलीकडून ओढली की तो आपोआप घट्ट बसतो.

तोच सिलिकॉन, तोच वैरी

घट्ट रबरी सिलिकॉन भट्टी सहज सोसतो. पण सिलिकॉनचं तेल पृष्ठभागावर नुसतं लागलं तरी रंग तिथून मागे सरतो आणि गोल खड्डा पडतो. यालाच पेंट शॉपमध्ये फिश आय म्हणतात. म्हणून मोटारींच्या कित्येक पेंट शॉपमध्ये हेअर जेल, डिओडरंट लावून यायला बंदी असते. सिलिकॉन स्प्रेचा डबा तर बूथच्या आसपासही नको.

प्लेटिंगमध्ये मेण, हीट ट्रीटमेंटमध्ये तांबं

झिंक किंवा क्रोमच्या लाइनवर ताप कमी, पण आम्ल आणि कॉस्टिक दोन्ही. भट्टीत वितळून जाईल ते मेण इथे कामाला येतं, लाखेसारखे लॅकरही चालतात. कार्बरायझिंगची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे साधारण ९०० अंशांच्या वर पोलादात कार्बन मुरवतात. आट्यांत तो मुरला तर ते कडक होऊन तुटतील, म्हणून तेवढ्या भागावर आधी तांब्याचा मुलामा चढवतात. कार्बन तांब्यातून पुढे जात नाही.

आपल्या शहरातल्या बिदरी कारागिरांना तर झाकायचीही गरज पडत नाही. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदी ठोकून बसवतात आणि मग नवसागर मिसळलेल्या मातीचा लेप लावतात. जस्ताचा भाग काळाभोर होतो, चांदी पांढरी राहते.

टेप ओढायची कशी

सरळ वर उपटू नये. टेप स्वतःवरच मागे दुमडून, सावकाश ओढावी. पार्ट कोमट असतानाच काढली तर कड स्वच्छ येते; पूर्ण गार झाला की कडक थर कडेला कपच्या काढतो, तिथे आधी ब्लेडची हलकी रेघ मारून घ्यावी.

आणि शक्य असेल तर टेपच टाळावी. ज्या भोकात रंग नको, त्याच भोकात पार्ट लटकवायचा स्क्रू फिरवून द्यायचा. भोक झाकलं जातं, पार्ट लटकतो आणि धातूला धातू लागल्यामुळे पावडरीला हवं असलेलं अर्थिंगही मिळतं. असा पार्ट लटकवायचा जिग करून घ्यायचा खर्च एकदाच येतो.